खेळातून पटवून देणारं लेखन: पहिली ते पाचवीच्या बाई-सरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकला प्राथमिकला शिकवते, आधी बरीच वर्षं निफाड तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत होते आता शहरात आहे. ट्रेनिंगला, केंद्रात, आणि फाटकाजवळ पोरांना न्यायला आलेल्या पालकांकडून मला तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

पटवून देणारं लेखन म्हंजे काय? निबंधच ना?

नाही हो. निबंधाला समोर कोणी नसतं. "माझा आवडता प्राणी" लिहिताना पोरगं कोणाशी बोलत असतं? कोणाशीच नाही, फार तर तपासणाऱ्या बाईंशी. पटवून देणाऱ्या लेखनात समोर एक माणूस असतो आणि तो माणूस "नाही" म्हणू शकतो, सगळा फरक त्या "नाही"मध्ये आहे. रजेचा अर्ज घ्या, "माझ्या पोटात दुखत असल्यामुळे मी येऊ शकलो नाही" हे आपण सगळ्यांनी लिहिलंय, आणि बाईंना ते खरं वाटेल का ही धाकधूकही सगळ्यांना झालीये. ती धाकधूक म्हणजेच या लेखनाची सुरुवात.

एक छोटी सूचना, वर्गात "पटवणं" हा शब्द एकटा वापरू नका. पाचवीच्या पोरांना त्याचा दुसरा अर्थ चांगला माहीत असतो आणि मग पुढची दहा मिनिटं खिदळण्यात जातात. "पटवून देणं" म्हणा किंवा "गळी उतरवणं" म्हणा.

एवढ्याश्या पोरांना जमतं का? कितवीपासून घ्यायचं?

दुकानासमोर कुरकुऱ्यांसाठी लोळण घेणारं चार वर्षांचं पोर बघितलंय ना? त्याला आपलं म्हणणं पुढे रेटता येतं, फक्त त्याच्याकडे एकच हत्यार आहे. आपण त्याला आणखी चार द्यायची. पहिली-दुसरीला तोंडीच, एखादं वाक्य आणि चित्र पुरे. तिसरीत तीन-चार वाक्यं, चौथी-पाचवीत पूर्ण पत्र. पुढे दहावीला उपयोजित लेखनात विनंतीपत्र, मागणीपत्र, जाहिरात हेच तर विचारतात, आणि तिथे पोरं "महोदय, उपरोक्त विषयानुसार" असं पाठ केलेलं ओततात कारण लहानपणी कोणी त्यांना खऱ्या माणसाला काही मागायला लावलंच नाही.

खेळच कशाला? फळ्यावर मुद्दे देऊन लिहून घेतलं तर वेळ वाचतो.

वेळ वाचतो हे खरं, पण पन्नास वह्यांमध्ये एकच पत्र येतं. मी केलंय ते, विषय होता "झाडे लावा" आणि सगळ्या वह्यांत "झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात", आणि ते कोणाला सांगतोय असं विचारलं तर एकालाही उत्तर नाही. खेळात समोरचा लगेच तोंड वाकडं करतो, हसतो, जांभई देतो, वहीत यातलं काहीच होत नाही. पोराला आपलं कारण चाललं की पडलं हे त्या क्षणाला कळतं आणि ते आपोआप दुसरं कारण शोधतं. मला एवढंच हवं असतं.

पहिला खेळ कोणता घेऊ?

डोंगर का पाणी. पोरांना येतोच, शिकवायला लागत नाही. आपण फक्त बदल करायचा की मत असेल तर डोंगरावर चढायचं म्हणजे ओट्यावर किंवा पायरीवर, आणि माहिती असेल तर पाण्यात म्हणजे खाली. तुम्ही एकेक वाक्य म्हणायचं. "गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते", पाणी. "नाशिकसारखी मिसळ कुठेच मिळत नाही", डोंगर, आणि इथे हमखास दोन-चार पोरं पाण्यात उभी राहून हटून बसतात की ही माहितीच आहे बाई. बसू द्या. "नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जगाने दखल घेतलेली पाणथळ जागा आहे", पाणी. "नांदूरमधमेश्वरची सहल सगळ्यात भारी", डोंगर.

खरी मजा अधल्यामधल्या वाक्यांत आहे. निफाडकडच्या शाळेत मी एकदा म्हटलं "कांदा महाग झालाय". नोकरदारांची पोरं धडाधड पाण्यात उतरली, त्यांच्या घरी रोज तेच ऐकू येत होतं. एक मुलगी ओट्यावर चढली आणि म्हणाली, "महाग कुठे बाई, आमच्या पप्पांना तर गाडीभाडं पण सुटलं नाही." वर्ग गप्प. मीपण गप्प. एकच कांदा, विकत घेणाऱ्याला महाग आणि विकणाऱ्याला स्वस्त. तसंच "नाशिकला खूप पाऊस पडतो" म्हणून बघा, धो धो पावसाच्या इगतपुरीकडची नातीगोती असलेलं पोरगं आणि कोरड्या येवला-सिन्नरकडचं पोरगं एका जागी उभी राहणारच नाहीत. वाक्य कोण, कुठे उभं राहून बोलतंय हे पोरांना इथे दिसतं, मी त्यावर वेगळं लेक्चर देत नाही.

तो चिंचोक्यांचा लिलाव काय प्रकार आहे? नीट सांगा ना.

हा माझा सगळ्यात लाडका. लासलगाव ही आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखली जाते आणि त्या पट्ट्यातली पोरं लिलाव बघतच मोठी होतात, ट्रॅक्टरची ट्रॉली लागते, व्यापारी कांदा हातात घेऊन दाबून बघतात, क्विंटलला भाव पुकारतात, भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो. शहरातल्या पोरांना आधी हे सगळं सांगावं लागतं, पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

आता एक मागणी ठरवायची, उदाहरणार्थ आठवड्यात एक जादा पिरियड ग्राउंडवर हवा आणि तो हेडमास्तरांकडून मिळवायचाय. चार-चार पोरांचे तीन गट व्यापारी, प्रत्येक गटाला वीस चिंचोके. बाकीचे शेतकरी, त्यांनी जोडीजोडीने एकेक कारण चिठ्ठीवर लिहून आणायचं, हा त्यांचा माल. व्यापाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची, तुम्हाला ही कारणं घेऊन स्वतः हेडमास्तरांच्या ऑफिसात जायचंय, तिथे जे चालेल त्यालाच बोली लावा.

बघा मग काय होतं. "आम्हाला मजा येते" दोन चिंचोक्यांवर अडकतं. "खेळल्याने शरीर सुदृढ राहते" हे पुस्तकातलं कारण एकदा तीनला गेलं आणि घेणारा नंतर पस्तावला, म्हणाला सरांना हे आधीच माहितीये मग मी काय नवीन सांगणार. आणि एका जोडीने आणलं होतं, "जेवणानंतरच्या पिरियडला आमच्या रांगेत चार जण पेंगतात, ग्राउंडवरून आलो त्या दिवशी कोणीच पेंगलं नाही." अकरा चिंचोके! पोरांना कोणी शिकवलं नव्हतं की डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीला भाव जास्त.

जो माल विकला गेला नाही तो परत न्यायचा आणि प्रतवारी करून पुन्हा आणायचा, म्हणजे चिठ्ठीत काहीतरी घालायचं किंवा काढायचं. याला पोरं "निवडून आणणं" म्हणतात. आपण ज्याला पुनर्लेखन म्हणतो आणि जे करायला सांगितलं की वर्ग तोंड पाडतो, ते इथे भांडून भांडून करतात, "बाई अजून एकदा आणू दे ना माल". एका पिरियडात संपत नाही हे आधीच सांगते, दोन लागतात. आणि चिंचोके मोजून द्या, मोजून घ्या, नाहीतर घरून खिशात भरून आणतात. अनुभवाचे बोल.

मुलं प्रत्येक वाक्यात "खूप" लिहितात. खूप गरज आहे, खूप त्रास होतो. काय करू?

दुतोंड्या मारुतीला विचारा.

थट्टा नाही. दुतोंड्या म्हणजे रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभी असलेली मारुतीची उंच मूर्ती. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर "खूप पाणी आलं" यावर विश्वास ठेवतो का? आपण विचारतो, दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, आणि "डोक्यावरून गेलं" म्हटलं की काही सांगावं लागत नाही. तर माझ्या वर्गाच्या भिंतीवर दुतोंड्याचं मोठं चित्र आहे, पोरांनीच काढलेलं, थोडं माकडासारखं झालंय पण असू दे. कोणी "खूप" म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "कुठपर्यंत?" मग त्याला सांगावं लागतं. "वर्गात खूप गरम होतं." कुठपर्यंत? "म्हंजे… तिसऱ्या पिरियडला बेंच हाताला चटका देतो." झालं की! "आमच्या गल्लीत खूप कचरा असतो." कुठपर्यंत? "घंटागाडी आली नाही की आम्ही सायकल हातात धरून नेतो."

जी पोरं नाशिकमध्ये नवीन आहेत त्यांना रामकुंडावर नेऊन दाखवा, नाही जमलं तर पुराचे फोटो दाखवा. दुसऱ्या गावात असाल तर तुमच्या नदीवर एखादी पायरी, पूल, देऊळ असेलच ज्यावरून लोक पूर मोजतात, ते घ्या.

समोरच्याचा विचार करायला कसं शिकवायचं? आमची पोरं फक्त "मला पाहिजे, मला पाहिजे" करतात.

मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं. गोल करून बसवा, रुमालाऐवजी खरंच घडी घातलेलं पत्र द्या, ज्याच्या मागे टाकलं तो पळणार पकडणार वगैरे सगळं नेहमीसारखं, त्यात काही बदलू नका, पळापळी काढून टाकली तर खेळ मेला. फक्त जो आऊट होईल त्याने मधे येऊन पत्र उघडायचं. आत मागणी प्रत्येक वेळी एकच, "सुट्टीत आठ दिवस मामाकडे जायचंय". पण पत्र कोणाला आहे ते बदलतं. आईला, आजोबांना, वर्गाच्या बाईंना, बसच्या कंडक्टरला की सामान जास्त आहे पण घ्या ना, आणि खुद्द मामाला. दोन वाक्यं बोलून दाखवायची.

आईला म्हणतात "मी तिथे हट्ट करणार नाही". आजोबांना म्हणतात "रोज रात्री तुम्हाला फोन करीन". बाईंना म्हणतात "वही पूर्ण करूनच जाईन". आणि एका पोराने मामाला सांगितलं होतं, "मामा, मी जास्त खात नाही." हसून हसून वर्ग आडवा. पण विचार करा, त्या पोराने मामाच्या घराचा विचार केला होता, कोण जाणे घरी काय ऐकलं असेल. असं काही आलं तर हसण्यावारी न्या पण मनात नोंद घ्या.

"द्या" म्हणायचं का "द्यावे"? पत्रात कुठली भाषा?

ही फार सुंदर जागा आहे आणि आपण ती "आदरार्थी लिहा" एवढ्यावर उडवून लावतो. मराठीत मागण्याच्या किती पायऱ्या आहेत बघा. पंखा दुरुस्त कर. करा. करून द्या ना. करून द्याल का. करून दिलात तर आम्हाला बेंच सरकवत बसावं लागणार नाही. करावा ही विनंती. काम एकच आहे आणि दर वेळी समोरचा माणूस बदलला. आम्ही याला कपडे बदलणं म्हणतो, एका वाक्याला शाळेचा ड्रेस, घरचा ड्रेस, लग्नाचा ड्रेस. एक जण पंख्याचं वाक्य म्हणतो, दुसरा नुसतं माणसाचं नाव घेतो, "वायरमन काका!", "हेडमास्तर!", "छोटी बहीण!" आणि लगेच वाक्याने कपडे बदलायचे.

"करावा ही नम्र विनंती" हा लग्नाचा ड्रेस आहे, रोज घातला की ढगळ वाटतो. माझं मत असं की चौथीपर्यंत पोरांनी हेडमास्तरांना पण "करून द्याल का" असंच लिहावं, काही बिघडत नाही, आमच्या सरांना तर तेच जास्त आवडतं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. असो.

"पण" आणि विरोधी मुद्दे, हे लहान पोरांना जड नाही का जाणार?

तिसरीपासून जमतं. एका पोराच्या गळ्यात "पण" लिहिलेली पाटी अडकवा, तो पणवाला. कोणी काही मागितलं की त्याचं कामच "पण" म्हणून खोड काढायचं. "वर्गात रोपं ठेवू या." "पण पाणी सांडेल." "खाली ताट ठेवू." "पण सुट्टीत पाणी कोण घालेल?" तिसऱ्या "पण"ला उत्तर दिलं की पाटी दुसऱ्याच्या गळ्यात. मजा म्हणजे वर्गातली जी पोरं एरवी फाटे फोडतात म्हणून बोलणी खातात ना, ती यात हिरो होतात. भो तूच हो पणवाला, असं पोरं स्वतःहून म्हणतात.

मग लिहिताना एकच सांगायचं, तुमच्या पत्रात पणवाल्याला एकदा तरी गप्प करा. "तुम्ही म्हणाल पाणी सांडेल, पण आम्ही खाली ताट ठेवू." एवढं वाक्य आलं की माझ्या दृष्टीने पत्र जमलं.

खेळ मस्त होतो पण वहीत काहीच उतरत नाही. कुठे चुकतंय?

खेळ आणि वही यांच्या मधली पायरी राहिली असणार. मी ठिकरीची घरं वापरते. अंगणात खडूने सहा घरं आखा, कोणाला, काय हवंय, का, कुठपर्यंत, पण, आणि मग काय करू या. लंगडी घालत जायचं, प्रत्येक घरात एक वाक्य बोलायचं, रेषेवर पाय पडला किंवा वाक्य सुचलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन वेळा पहिल्यापासून आलं की तेच वाक्य पाठ होतं आणि घोटून घोटून चांगलं पण होतं. मग वर्गात येऊन वहीत तीच सहा घरं आखायची आणि जे बोललो तेच भरायचं. मग घरं पुसून सलग लिहायचं. त्याच दिवशी हं, उद्यावर टाकलं की गेलं. आणि सगळी घरं भरलीच पाहिजेत असा हट्ट धरू नका, दुसरीच्या पोराची तीन भरली तरी बास.

वर्गात पन्नास-साठ पोरं आहेत, जागा नाही. तुमचं ठीक आहे.

माझंही ठीक नाहीये. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, पण ते कायद्यात. माझ्या वर्गात एके वर्षी बावन्न होती. लिलाव आणि पणवाला बसल्या जागेवर होतात, डोंगर-पाणीत उठायचं ते डोंगर आणि बसायचं ते पाणी. ठिकरीला अर्धा वर्ग बाहेर, अर्धा आत चित्र काढतोय, मग अदलाबदल. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा, आवाज होणारच आहे.

बोलकी पोरंच बोलतात, बाकीची भिंतीला टेकून.

म्हणून तर चिठ्ठ्या. लिलावात माल चिठ्ठीवर येतो, पुकारणारा दुसराच असतो. माझ्याकडची एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडायची नाही आणि तिच्या चिठ्ठ्यांना दर वेळी भाव. तिला बोलकं करायच्या मागे मी लागले नाही. लिहिणं तिलाच जमत होतं की, अजून काय पाहिजे?

घरी मराठी नाही, किंवा वेगळी बोली आहे. मग?

आधी घरच्या भाषेत पटवू द्या. बागलाण-मालेगावकडची पोरं अहिराणीत बोलतात, पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कोकणा बोलीत, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत हिंदी, भोजपुरी. पोरगं "माले" म्हणालं की लगेच "मला म्हण" असं तोडलं तर त्याचं कारण तिथेच विरघळतं आणि राहतो तो फक्त प्रमाण मराठीचा धडा. कारण पूर्ण होऊ द्या, मग "हेच हेडमास्तरांना लिहायचं तर कसं लिहू या" म्हणा, कपडे बदलण्याच्याच खेळात ते बसतं. आणि आजीला पत्र असेल तर बोलीतच राहू द्या, आजीला तेच गोड लागेल.

शुद्धलेखन कधी बघायचं?

शेवटी. पत्र पाठवायच्या आधी. ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई पहिल्याच दिवशी लागली तर पोरं फक्त स्पेलिंग येतात तेच शब्द वापरतात.

विषय कोणते द्यायचे? आणि कोणते टाळायचे?

ज्याचं उत्तर खरंच कोणीतरी देऊ शकेल असे. पाणी प्यायची घंटा, वाचनाच्या कोपऱ्याला सतरंजी, डब्यात एक दिवस आवडीचं, सहल कुठे न्यायची. "प्लास्टिक बंद करा" असले विषय मला नको वाटतात, चांगलेच आहेत, पण आठ वर्षांच्या पोराने ते कोणाला सांगायचं? त्यापेक्षा "आमच्या शाळेसमोरच्या भेळवाल्या काकांनी कागदात भेळ द्यावी" हे बघा किती हातात येतं.

सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं, त्यासाठी तपोवनातली झाडं तोडायची का असे विषय घरात जोरात चालू असतात आणि पोरं ते वर्गात घेऊन येतात. बोलू द्यावं, पण पत्राचा विषय म्हणून मी प्राथमिकला देत नाही, एकाच बाकावर दोन बाजूंची घरं बसलेली असतात आणि पोरगं स्वतःचं न बोलता बाबांचं बोलायला लागतं. जात, धर्म, कोण गरीब कोण श्रीमंत, हे पण नाही. पणवाल्याच्या पाटीखाली कोणाचा अपमान होता कामा नये.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि ते आपल्या नाशिकचे त्यामुळे शाळेशाळेत भाषणं. पाठ केलेल्या भाषणांच्या मधे एक फेरी "एका मिनिटात पटवून दे"ची घालून बघा, झोपलेले पाहुणे जागे होतात.

जाहिराती दाखवायच्या का?

हो, पण फसवणं पकडायला. चिवड्याचं रिकामं पाकीट, क्लासचं पॅम्फ्लेट, द्राक्षवाल्याची हाळी "साखर आहे साखर!" असं सगळं गोळा करा आणि पोरांना पोलीस बनवा. हे डोक्याला सांगतंय का काळजाला? की "आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची परंपरा" म्हणून पत दाखवतंय? ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हेच तीन भाग पाडलेत, पोरांना त्याचं नाव सांगायची गरज नाही, डोकं-काळीज-पत एवढं पुरतं. पत या भागावर जरा जास्त बोलते मी, कारण एका पोराने पत्रात ठोकून दिलं होतं की "आमच्या वर्गात रोज दोन मुलं चक्कर येऊन पडतात". पडत नव्हती. हेडमास्तर वर्गात आले, हजेरी बघितली, आणि त्याच्या पुढच्या पत्रातलं खरं कारणही कोणी घेईना. लिलावात पोरं अजून म्हणतात, "चक्करचा माल आहे का बघ."

मार्क कसे देऊ? आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभराच्या नोंदींत बसतं का?

आरामात बसतं. मी नोंदवहीत तीनच गोष्टी बघते, कोणाला लिहिलंय ते कळतं का, एक तरी "कुठपर्यंत"चं उत्तर आहे का, पणवाला गप्प झाला का. पत्राने काम झालं की नाही यावर मार्क देऊ नका, हेडमास्तरांचा मूड हा पोराचा गुण नाही.

तुमच्यामुळे माझा मुलगा घरी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो!

हा प्रश्न नाहीये, तक्रार आहे, आणि वर्षाला तीन-चार तरी येतात. ताई, दादा, त्याला म्हणा लिहून दे. खरंच. मोबाईल अर्धा तास जास्त हवा ना, कागदावर लिही, त्यात तुझ्या आईचा "पण" पण आला पाहिजे. निम्मी भांडणं तिथेच मिटतात कारण लिहायचा कंटाळा. उरलेल्या निम्म्यांत कधीतरी तुम्हालाच पटेल, तेव्हा मोठ्या मनाने "बरं" म्हणा, आणि नाही पटलं तर का नाही ते पण सांगा. "मी सांगते म्हणून" हे कारण आमच्या लिलावात शून्य चिंचोक्यांना जातं. मला स्वतःलाही हे जड गेलं, माझ्या लेकीने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, "आई तू वर्गात ऐकतेस, घरी का नाही? कुठपर्यंत ऐकतेस?"

पत्र खरंच पाठवायचं का? आणि उत्तर आलं नाही तर?

पाठवायचंच. त्याशिवाय हे सगळं पुन्हा निबंधावर येतं. शाळेतल्या शाळेत असेल तर उत्तर मिळतं, मी हेडमास्तरांना आधीच सांगून ठेवते की "नाही" म्हणा पण कारणासकट म्हणा.

बाहेर पाठवलं की भरवसा नसतो. आमच्या तिसरीच्या पोरांनी जवळच्या बागेतल्या तुटलेल्या झोक्याबद्दल एका ऑफिसला पत्र लिहिलं होतं, नाव घेत नाही. छान पत्र, "झोक्याची एक साखळी तुटली आहे त्यामुळे तो तिरका होतो आणि छोटी मुलं डावीकडे पडतात" असं नेमकं लिहिलेलं. मी स्वतः जाऊन टपालात दिलं, शिक्का मारून घेतला. महिना गेला, काही नाही. पोरं रोज विचारायची, बाई आलं का? मला खरं तर वाटलं आपणच काहीतरी उत्तर लिहून आणावं, लिहायला बसले पण होते. मग फाडलं. वर्गात सांगितलं, नाही आलं.

पणवाल्याची पाटी त्या दिवशी ज्याच्या गळ्यात होती तो म्हणाला, "पण बाई, त्यांनी वाचलंच नसेल तर?" मग अर्धा तास त्यावरच गेला, पत्र कोणाच्या टेबलावर जातं, त्या माणसाला दिवसात किती पत्रं येत असतील, आपलं कोणत्या नंबरवर असेल. शेवटी पोरांनी दुसरं पत्र लिहिलं, आधीच्यापेक्षा निम्म्या लांबीचं, वर तारीख घालून "हे आमचं दुसरं पत्र" असं, आणि झोक्याचं चित्र काढून त्यावर बाणाने दाखवलं साखळी कुठे तुटलीये ते. तेही दिलंय टपालात. झोका अजून तिरकाच आहे, आणि तिसऱ्या पत्रासाठी सोमवारी लिलाव आहे.